गुऱ्हाळातली भेंडी आणि मार्शमेलो

मार्शमेलो घरी करता येतो का? येतो. साखरेचा गोळीबंद पाक करायचा, म्हणजे साधारण ११५ अंश सेल्सिअस. पाण्यात भिजवलेले जिलेटिन त्यात घालून पांढरे, फुगीर होईपर्यंत फेटायचे. हवा आत कोंडते, म्हणून तो मऊ लागतो. पाक मोठ्यांनीच हाताळायचा, चटका फार वाईट बसतो. शिवाय जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते, तेव्हा घरी आधी विचारा.

पूर्वी मात्र जिलेटिन नव्हतं. युरोपातल्या दलदलीत वाढणाऱ्या मार्शमेलो नावाच्याच झाडाच्या मुळाचा चिकट रस वापरत. हे झाड आपल्या भेंडी-जास्वंदीच्या कुळातलं!

आणि भेंडी आपल्या कोल्हापुरी गुऱ्हाळात काय करते? काहिलीत उसाचा रस तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस त्यात घालतात. घाण त्याला धरून वर येते, ती मळी काढून टाकतात. पुढे गुळव्या एक थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. तोच गोळीबंद पाक, फक्त थर्मामीटर नाही.

काही ठिकाणी मात्र भेंडीबरोबर हायड्रोस पावडरही पडते. का? गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असतो म्हणून! त्यातल्या गंधकाचा अंश गुळात उतरतो. बिनरसायनी गूळ बहुधा तांबूस, तपकिरी असतो. आईबाबांबरोबर बाजारात गेलात की दुकानदाराला तुम्हीच विचारा.

आता कृती. एक भेंडी चिरून ग्लासभर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी ते पाणी दोन बोटांत ओढून बघा, तार येते का ते वहीत लिहा.