संध्याकाळचा वर्ग, दहावीची परीक्षा आणि घरची मराठी
(वडोदऱ्यातील मराठीभाषक प्रौढ विद्यार्थी व त्यांचे शिक्षक यांच्यासाठी एक पाठ)

शाळा अर्धवट सुटलेली अनेक माणसे वडोदऱ्यातील मराठी वस्तीत आहेत. कोणी आठवीनंतर कारखान्यात लागले, कोणाचे नववीत असताना लग्न झाले, कोणी महाराष्ट्रातून येथे आल्यावर माध्यम बदलले म्हणून मागे पडले. चाळिशीत मुले हाताशी आली की राहून गेलेली दहावी पुन्हा आठवते. ती केवळ मनाची हौस नसते. दहावी उत्तीर्ण असल्यास परदेशी नोकरीसाठी पारपत्रावर स्थलांतर-तपासणीचा शेरा पडत नाही. कितीतरी साध्या नोकऱ्यांची आणि बढत्यांची पहिली अटही तीच असते. म्हणून दिवसभराच्या कामानंतर ही माणसे संध्याकाळच्या वर्गाला येऊन बसतात.

प्रस्तुत लेखात या वर्गातील भाषेच्या प्रश्नाचा विचार केला आहे. येथे मराठी विद्यार्थ्याच्या घरात मराठी, बाजारात व कामावर गुजराती, दूरदर्शनवर हिंदी आणि प्रश्नपत्रिकेत या तिन्हींपैकी एखादी भाषा असते. तो नापास होतो तेव्हा विषयाने हरतो की भाषेने, हे शिक्षकाने आधी ओळखले पाहिजे.

१. थोडी पूर्वपीठिका

कष्टकऱ्यांनी दिवसा काम करून रात्री शिकावे, ही कल्पना मराठी समाजाला नवी नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कामकरी व शेतकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. वडोदरा संस्थानात सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला. १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनात धंदेशिक्षण देशी भाषेतून देण्यावर भर होता. १९१० नंतर ग्रंथालयांचे आणि फिरत्या पुस्तकपेट्यांचे जाळे उभे राहिले, तेही शाळा सोडलेल्यांचे वाचन सुटू नये म्हणून.

संस्थानाने १९३१ साली प्रसिद्ध केलेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्यात राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी आणि इतर भाषांतील प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. बहुभाषी माणसाला एक भाषा विसरायला न लावता शब्द समोरासमोर ठेवण्याची ही रीत संध्याकाळच्या वर्गालाही उपयोगी पडते. ती कशी, हे पुढे पाहू.

२. परीक्षेचा मार्ग

प्रौढ विद्यार्थ्याला सोयीचा मार्ग म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९७९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक प्रकल्प म्हणून मुक्त शाळा सुरू झाली, १९८९ साली तिची स्वायत्त संस्था झाली आणि २००२ साली तिला आजचे नाव मिळाले. माध्यमिक परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही, किमान वय १४ वर्षे आहे. पाच विषय घ्यावे लागतात. त्यांत किमान एक व जास्तीत जास्त दोन भाषा असतात. नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात, त्यामुळे पाचही विषय एकदम देण्याचे बंधन नाही. उत्तीर्ण होण्यास ३३ टक्के गुण लागतात.

या सवलतीचा अर्थ नीट समजून घ्यावा. कामकरी विद्यार्थ्याने पहिल्याच खेपेला पाच विषयांना बसणे म्हणजे पाच आघाड्यांवर एकदम लढणे होय. पहिल्या परीक्षेला दोन विषय, पुढच्या परीक्षेला दोन आणि शेवटी सर्वांत अवघड वाटणारा एक, अशी वाटणी बहुतेकांना झेपते. पहिल्या दोनांत मराठी असावी. वर्षानुवर्षे ‘आपल्याला काही येत नाही’ असे धरून बसलेल्या माणसाला एका विषयाचे यश मिळाले की पुढच्या विषयांचे ओझे निम्मे होते.

विषय निवडताना मात्र दहावीनंतर काय करायचे आहे, हे आधी विचारावे. गणित अवघड म्हणून ते टाळून गृहविज्ञान घेता येते आणि दहावी पूर्ण होते. पण ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीत दहावीला गणित व इंग्रजी असावे लागते, शिवाय स्थानिक भाषेचा दहावीपर्यंत अभ्यास झालेला असावा लागतो. गुजरातेत ती भाषा गुजराती. म्हणजे अशा विद्यार्थ्याच्या भाषेच्या दोन्ही जागा इंग्रजी व गुजराती यांनी भरतात आणि मराठी हवी असल्यास ती अतिरिक्त विषय म्हणून घ्यावी लागते. भाषेच्या अभिमानापोटी कोणाच्या नोकरीचे दार बंद होऊ नये, हे मराठीच्या शिक्षकानेच प्रथम सांगितले पाहिजे.

३. माध्यम कोणते घ्यावे?

मराठी व गुजराती या दोन्ही माध्यमांची सोय या परीक्षेत आहे. निवडीची कसोटी सोपी आहे. घरात कोणती भाषा बोलतो यापेक्षा शाळेचे शेवटचे वर्ग कोणत्या भाषेत झाले, हे पाहावे. जळगावला सातवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या बाईंना मराठी माध्यम सोयीचे. वडोदऱ्यातच गुजराती शाळेत आठवीपर्यंत शिकलेल्या, पण घरी मराठी बोलणाऱ्या गृहस्थांना गणित व विज्ञान गुजरातीतून सोपे जाईल. त्यांनी माध्यम गुजराती ठेवून भाषाविषय म्हणून मराठी घ्यावी.

४. ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

दोन भाषा जवळच्या असल्या की न समजणाऱ्या शब्दापेक्षा समजला असे वाटणारा शब्द अधिक फसवतो. गुजरातीत ‘धोरण’ म्हणजे इयत्ता, मराठीत ‘धोरण’ म्हणजे कारभाराची ठरवलेली दिशा. समाजशास्त्राच्या पुस्तकात ‘शासनाचे धोरण’ वाचून एखादा विद्यार्थी शाळेचा वर्ग शोधत बसतो. गुजरातीत ‘भूल’ म्हणजे चूक, मराठीत ‘भूल’ पडते किंवा शस्त्रक्रियेपूर्वी दिली जाते. गुजरातीत ‘खोटुं’ उत्तर म्हणजे चुकीचे उत्तर. मराठीत उत्तर चूक असते, ‘खोटे’ म्हटले की त्यात फसवण्याचा हेतू आला. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, तर मराठीत आणि गुजरातीतही ती दंड म्हणूनच ओळखली जाते.

सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा शब्द ‘आवडणे’ हा आहे. गुजरातीत ‘मने गणित आवडतुं नथी’ याचा अर्थ ‘मला गणित येत नाही’. त्याचाच साचा घेऊन विद्यार्थी मराठीत ‘मला गणित आवडत नाही’ म्हणतो. शिक्षक समजतो की याला गणिताची नावड आहे, आणि तो गोडी लावण्याच्या मागे लागतो. प्रत्यक्षात विद्यार्थी मदत मागत असतो. अशा वेळी ‘आवडत नाही की येत नाही?’ हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ वेळ वाचतो.

५. समोरासमोरची वही

प्रत्येक विद्यार्थ्याने एका वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत, डावीकडे गुजराती शब्द आणि उजवीकडे मराठी. सुरुवात गणितापासून करावी, कारण तेथे दिलासा लवकर मिळतो. गुणाकार, भागाकार, त्रिकोण, वर्तुळ, त्रिज्या, क्षेत्रफळ, व्याज, मुद्दल हे शब्द दोन्हीकडे तेच किंवा जवळजवळ तेच आहेत. बदलतात ते थोडेच: सरवाळो म्हणजे बेरीज, बादबाकी म्हणजे वजाबाकी, लंबचोरस म्हणजे आयत, नफो-खोट म्हणजे नफा-तोटा. दुकानात वीस वर्षे हिशेब केलेल्या माणसाला वजाबाकी शिकवायची नसते, तिचे प्रश्नपत्रिकेतील नाव सांगायचे असते.

व्याकरणातही तसेच. सर्वनाम, विशेषण, क्रियापद, भूतकाळ हे शब्द समान आहेत. पण गुजरातीतील ‘संज्ञा’ मराठीत ‘नाम’ होते, ‘रूढिप्रयोग’ हा ‘वाक्प्रचार’ होतो, ‘कहेवत’ म्हणजे ‘म्हण’ आणि ‘फकरो’ म्हणजे ‘परिच्छेद’. सारखे शब्द एका रंगात व वेगळे शब्द दुसऱ्या रंगात लिहिले, तर किती थोडे नवे शिकायचे आहे ते पानावरच दिसते.

६. लेखनातील तीन अडचणी

पहिली अडचण शिरोरेषेची. गुजराती लिपीत शिरोरेषा नाही. ती सवय झालेला हात देवनागरी शब्द आधी रेघेविना लिहितो आणि मग वरून एकच सरळ रेघ ओढतो. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते. ती जोडली गेली की ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ दिसू लागतो. ‘धार’ची ‘घार’ आणि ‘भात’चा ‘मात’ झाल्यास परीक्षकाने गुण कसे द्यावेत? उपाय एवढाच की पहिले काही आठवडे रेघ अक्षरागणिक द्यावी.

दुसरी अडचण स्वरांची. गुजरातीत ‘ए’ आणि ‘ओ’ हे दोन्ही स्वर ‘अ’ला मात्रा व काना-मात्रा जोडून लिहितात. म्हणून ‘एक’ऐवजी ‘अेक’ असे लेखन होते. एका बैठकीच्या सरावाने ते सुटते.

तिसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या आणि पुढे १९७२ साली भर पडलेल्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार व उकार दीर्घ लिहितात: कवी, गुरू. गुजरातीत हेच शब्द ऱ्हस्वान्त असतात. समासात मात्र मराठीतही ते ऱ्हस्व राहतात: कविवर्य, गुरुदक्षिणा. ‘आणि’ हा अपवाद आहे. त्याचा ‘णि’ ऱ्हस्वच.

७. घरच्या बोलीविषयी

या चुका सुधारताना एक पथ्य पाळावे. वडोदऱ्याच्या मराठीत चहा ‘गरम होते’, कारण गुजरातीत चहा स्त्रीलिंगी आहे. ही बोली अनेक पिढ्यांच्या शेजारातून घडली आहे आणि घरात ती बिनचूक काम करते. तिला अशुद्ध म्हटले तर चाळिशीतील माणूस दुसऱ्या दिवशी वर्गाला येत नाही. ‘घरी असे बोला, उत्तरपत्रिकेत असे लिहा’ एवढे सांगितले तर तो दोन्ही रूपे सांभाळतो. बाजारात भाषा बदलण्याची सवय त्याला आहेच. तसेच उदाहरणेही वयाला साजेशी हवीत. निबंधाला ‘माझी सहल’ देण्यापेक्षा भाडेकराराचा अर्ज, वीजबिलाची तक्रार, मुलाच्या शाळेला पत्र द्यावे. पत्रलेखनाचा सराव होतो आणि त्याच आठवड्यात तो उपयोगीही पडतो.

८. सरावासाठी

पुढील वाक्ये परीक्षेच्या मराठीत लिहा.
(१) मी दहावी धोरणात शिकते.
(२) उत्तरात माझी एक भूल झाली.
(३) मला इंग्रजी लिहायला आवडत नाही, जरा शिकवा.
(४) ताईंनी चहा गरम केली.
(५) अेक कवि आला आणी त्याने कविता वाचली.

उत्तरे: (१) मी इयत्ता दहावीत शिकते. (२) उत्तरात माझी एक चूक झाली. (३) मला इंग्रजी लिहिता येत नाही, जरा शिकवा. (४) ताईंनी चहा गरम केला. (५) एक कवी आला आणि त्याने कविता वाचली.

पाचांपैकी तीन वाक्ये जमली तर अभ्यास ठीक चालला आहे असे समजावे. तिसरे वाक्य चुकले तर ते वर्गात मोठ्याने वाचावे आणि दोन्ही भाषांतील अर्थ विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावा. ‘येत नाही’ हे मोकळेपणाने म्हणता येणे ही संध्याकाळच्या वर्गातील अभ्यासाची पहिली पायरी आहे.