थांब्यावरचा शब्द : माळव्यातील कलाफेरीचा एक अभ्यास

शहराच्या जुन्या भागातील काही रस्ते ठरावीक दिवशी वाहनांना बंद करायचे, चौकाचौकांत मांडणशिल्पे उभी करायची, कुठे पथनाट्य, कुठे गाणे, कुठे नृत्य ठेवायचे आणि लोकांनी पायी फिरत ते सारे पाहायचे, असे उपक्रम अलीकडे अनेक शहरांत होतात. यासाठी मराठीत अजून एकच एक शब्द ठरलेला नाही. कोणी कलामहोत्सव म्हणतात, कोणी कलाजत्रा. प्रस्तुत लेखात 'कलाफेरी' हा शब्द योजला आहे. प्रभातफेरी, फेरीवाला, गावातून मारलेली फेरी या सर्व शब्दांत पायी चालणे आहे आणि ठिकठिकाणी थांबणेही आहे. या कलाप्रकाराचा प्राण त्याच दोन क्रियांत असतो.

अशी फेरी एकसंध कशामुळे होते, हा या लेखाचा प्रश्न आहे. पाच ठिकाणी पाच गोष्टी मांडल्या, एवढ्याने ती होत नाही. प्रत्येक थांब्यावर जे बोलले, गायले किंवा सांगितले जाते, ते या थांब्यांना जोडते. तो शब्द गेला तर मागे उरते ते प्रदर्शन. माळव्यातील तीन आणि मुंबईतील एक अशा उदाहरणांच्या आधारे हे पाहू. शेवटी पीपलरावांसारख्या लहान गावातील वर्गात या विषयाचा अभ्यास कसा घेता येईल, याचीही थोडी मांडणी करू.

१. कोण चालतो आणि कोण थांबतो?

नाट्यगृहात प्रेक्षक बसतो आणि कलाही एका जागी असते. रस्त्यावरच्या कलेचे मात्र तीन प्रकार करता येतात. पहिल्यात कला थांबते आणि प्रेक्षक चालतो. दुसऱ्यात कला चालते आणि प्रेक्षक थांबतो. तिसऱ्यात दोघेही चालतात. पंढरीची दिंडी हे तिसऱ्या प्रकाराचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. दिंडीत बघ्या आणि वारकरी यांच्यातली रेघ सहज पुसली जाते. काठावर उभा असलेला माणूस दोन पावले पुढे आला की तोही दिंडीतलाच होतो.

पहिल्या प्रकाराचे आधुनिक उदाहरण म्हणजे मुंबईच्या फोर्ट भागातील काळा घोडा कला महोत्सव. तो १९९९ मध्ये सुरू झाला. नऊ दिवस चालणाऱ्या या महोत्सवात रस्त्यावर मांडणशिल्पे, पथनाट्ये, संगीत, नृत्य, साहित्यचर्चा आणि जुन्या इमारतींच्या पायी सहली असतात. १९५२ मध्ये उघडलेले जहांगीर कलादालन याच परिसरात आहे.

या भागाच्या नावाची कथा आपल्या विषयाला उपयोगी पडते. घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळा येथे होता. १९६५ मध्ये तो हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. घोडा गेला, पण लोकांच्या तोंडातले 'काळा घोडा' हे नाव गेले नाही. बावन्न वर्षांनी, २०१७ मध्ये, तेथे स्वाराविना असलेला नवा घोडा उभा राहिला. जागेवर वस्तू नसतानाही जागेची ओळख शब्दाने टिकवून धरली, आणि पुढे त्या शब्दामुळेच वस्तू परत आली. आता या महोत्सवातील थांब्यांकडे पाहा. मांडणशिल्पाशेजारी फलक असतो आणि तो बहुधा इंग्रजीत असतो. लोक तो वाचतात, छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. जुन्या इमारतींच्या सहलीत मात्र सांगणारा माणूस बरोबर असतो. तिथे लोक थांबतात, प्रश्न विचारतात, आपल्या आजोबांच्या आठवणी काढतात. रस्ता तोच असतो. दोन थांब्यांत फरक पडतो तो जिवंत शब्दाचा.

२. संजा : मुलींची कलाफेरी

'कला थांबते आणि प्रेक्षक चालतो' हा प्रकार माळव्याला नवा नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत माळव्यातल्या मुली घराच्या भिंतीवर शेणाने संजा काढतात आणि ती फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात. त्यात गुलतेवडी, म्हणजे आपला तेरडा, प्रमुख असतो. रोजची आकृती वेगळी असते. पंचमीला पाच कुंवारे, सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, नवमीला डोकरा-डोकरी. शेवटी किलाकोट हा मोठा कोट येतो आणि त्यात जाडी जसोदा, पतली पेमा अशी पात्रेही असतात. आदल्या दिवशीची आकृती खरवडून तिथेच नवी काढायची आणि शेवटी सारे पाण्यात सोडायचे, असा हा क्रम.

संध्याकाळी मुली घोळक्याने एका घरून दुसऱ्या घरी जातात. प्रत्येक भिंतीपुढे गाणी म्हणतात, आरती करतात आणि प्रसाद वाटतात. संजा ही माहेरी आलेली मुलगी आहे, असे ही गाणी मानतात. तिचे सासर, तिचा गाडा, तिचे रुसवे यांबद्दल ती माळवीत बोलतात. भिंतीवरचे मांडणशिल्प, त्यापुढचा प्रयोग आणि घरोघरचे फिरणे, ही कलाफेरीची तिन्ही अंगे इथे आहेत. चौथे अंग अधिक मोलाचे. इथे पाहणारी प्रत्येक मुलगी स्वतः करणारीही असते, कारण तिच्या घरच्या भिंतीवरही संजा आहे.

मराठी वाचकाला येथे भोंडला आणि भुलाबाई आठवतील. विदर्भातील भुलाबाई आणि खानदेशातील गुलाबाई भाद्रपद पौर्णिमेलाच बसतात आणि कोजागिरीपर्यंत असतात. म्हणजे माळव्यात संजा भिंतीवर चढते त्याच दिवशी. भोंडल्यात पाटावर हत्ती काढून मुली त्याभोवती फेर धरतात. गाणी संपली की खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. झाकलेल्या डब्यात काय आहे, ते गोड की तिखट, कोरडे की ओले, असे विचारत मुली उत्तराशी पोहोचतात. संजेच्या प्रसादालाही असाच ओळखण्याचा खेळ जोडलेला आढळतो. चांगल्या मांडणशिल्पासमोर प्रेक्षकाने 'हे काय असेल?' असा प्रश्न विचारावा, अशी आजच्या कलावंतांची इच्छा असते. आपल्या मुलींनी तो प्रश्न खिरापतीच्या डब्यासमोर केव्हाच विचारला आहे.

आता बाजारात छापील कागदी संजा मिळते. ती भिंतीला चिकटवली की काम झाले. सिमेंटच्या रंगवलेल्या भिंतीवर शेण नको, हे कारणही समजण्यासारखे आहे. पण रोजची नवी आकृती गेली की रोजचे जमणे कमी होते, आणि जमणे कमी झाले की गाणे विसरते. कागदामुळे चित्र वाचते, पण शब्द जातो. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला राहायला आले आणि माळवी स्त्रियांच्या गाण्यांकडे त्यांनी किती गंभीरपणे कान दिला, हे आपण जाणतो. माळवी लोकधुनांचा कार्यक्रम त्यांनी मैफलीत मांडला, लोकधुनांतून नवे राग घडवले. गल्लीतल्या ज्या गाण्यातून एवढे संगीत निघाले, ते गाणे भिंतीपुढून नाहीसे होणे ही लहान हानी नव्हे.

३. देवासची गोकुळाष्टमी : दोघेही चालतात

तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण देवासच्या मराठी दरबारातले आहे आणि ते इंग्रजी साहित्यात नोंदले गेले आहे. ई. एम. फॉर्स्टर हे लेखक १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून राहिले. तेथील गोकुळाष्टमीचे वर्णन त्यांनी पत्रांतून केले. ती पत्रे 'द हिल ऑफ देवी' या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहेत. १९२४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीच्या शेवटच्या भागातील जन्मोत्सव याच अनुभवावर उभा आहे.

या उत्सवात मातीचे एक छोटे गोकुळ केलेले असे. मिरवणुकीने ते तळ्यावर नेऊन पाण्यात सोडत. महाराज स्वतः गात आणि नाचत. आजच्या भाषेत हे विरघळणारे मांडणशिल्प आणि त्याभोवतीचा चालता प्रयोग. कादंबरीतील दोन तपशील आपल्या विषयासाठी बोलके आहेत. एक, गायक जे गातात त्यात तुकोबांचे नाव आहे. देहूचा शब्द माळव्यातल्या दरबारात आणि तेथून इंग्रजी कादंबरीत गेला. दुसरा, सभागृहाच्या भिंतीवर देवाच्या प्रेमाविषयी एक इंग्रजी वाक्य लिहिलेले आहे आणि लिहिणाऱ्याच्या चुकीने त्यातील दोन अक्षरांची अदलाबदल झाली आहे. सर्वांना कळावे म्हणून लावलेला तो फलक जमलेल्यांपैकी थोड्यांनाच वाचता येतो. अभंग मात्र सारे मिळून गातात. फलक आणि गाणे यांच्यातला फरक याहून नेमका कोणी दाखवला असेल असे वाटत नाही.

४. इंदूरच्या झांक्या : गिरणी गेली, नाव राहिले

दरबारातून आता कामगारवस्तीत येऊ. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात कापडगिरण्यांच्या झांक्या निघतात. ही परंपरा सुमारे शंभर वर्षांची आहे. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या गिरण्यांचे कामगार पौराणिक आणि सामाजिक विषयांवर हलते देखावे तयार करतात, त्यांवर दिव्यांची आरास करतात, आणि त्यांच्याबरोबर आखाड्यांचे पहिलवान लाठी-बनाट्यांची प्रात्यक्षिके करत चालतात. लोक रस्त्याच्या दुतर्फा, ओट्यांवर, गच्च्यांवर रात्रभर बसतात. इथे कला चालते आणि शहर थांबते.

या गिरण्या बंद पडल्या. हुकुमचंद मिल गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या प्रारंभी बंद झाली आणि तिच्या कामगारांची देणी तीस वर्षांहून अधिक काळ अडकून राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये वितरित झाले. तोपर्यंत कित्येक कामगार हयात नव्हते. या सगळ्या काळात गिरणीच्या नावाने झांकी निघत राहिली. वर्गणी आणि मदत यांवर कामगारांच्या समित्यांनी ती काढली. भोंगा थांबला, चिमणी थंड झाली, पण रस्त्यावर बसलेला माणूस आजही 'हुकुमचंदची आली' असेच म्हणतो. आजी नातवाला देखाव्यातली कथा सांगते आणि त्याबरोबर ही गिरणी कुठे होती, घरातले कोण तिथे कामाला होते, हेही सांगते. ज्यांची मजुरी थकली होती त्यांनी आपले नाव थकू दिले नाही. झांकी हलती असल्यामुळे ती दोन मिनिटांत पुढे निघून जाते. तिच्याबद्दल झालेले बोलणे मात्र घरी येते.

५. वर्गासाठी काही सूचना

या चार उदाहरणांतून अध्यापकाला एक कसोटी मिळते. कोणत्याही कलाफेरीकडे पाहताना विचारावे : थांब्यावर कोण बोलते, कोणत्या भाषेत बोलते, आणि पाहणाऱ्याला उत्तर देता येते का?

पीपलरावांसारख्या गावात कलाफेरी आखायची झाली तर काळा घोड्याची लहान प्रतिकृती करण्याची गरज नाही. मोठे फलक आणि प्रायोजकांची कमान नसली तरी चालते. पायी अर्ध्या तासात होईल असे पाच थांबे पुरेत : संजा काढलेली एक भिंत, मांडणा घातलेले एक अंगण, कबीराची भजने म्हणणाऱ्या मंडळींचा एक ओटा, माचाची आठवण असलेला एखादा चौक, आणि एखाद्या कारागिराचे दुकान. प्रत्येक थांब्यावर फलकाऐवजी बोलणारे माणूस असावे. ते माळवीत बोलेल. त्याला 'शुद्ध' बोलायला लावू नये.

विद्यार्थ्यांना तीन कामे द्यावीत. पहिले, शब्दसंग्रह. पाटला, किलाकोट, सातिया, छाबडी यांसारखे शब्द ऐकले तसे लिहावेत आणि त्यांच्यासमोर मखर, आरास, देखावा, खिरापत हे आपले शब्द ठेवून साम्य-भेद पाहावेत. दुसरे, वर्णन. एका थांब्याचे दीडशे शब्दांत वर्णन करावे, पण 'सुंदर', 'अप्रतिम', 'मनमोहक' ही विशेषणे वर्ज्य. काय, कशाचे, केवढे, कोणी केले, एवढेच सांगावे. तिसरे, एक गाणे पूर्ण ऐकून ते कोणाकडून शिकले, याची साखळी विचारावी. आई, आजी, मावशी अशी ती तीन पिढ्या मागे गेली तर त्या गावाचा एक अलिखित साहित्येतिहास हाती येतो.

माळव्यातील मराठी घरांत मराठी ही आता बरीचशी उंबऱ्याआतली भाषा झाली आहे. बाहेर हिंदी आणि माळवी. कलाफेरी उंबऱ्याबाहेर घडते, म्हणून तिथे मराठीला काय स्थान, असे कोणी विचारेल. तिचे स्थान शेजारणीचे आहे. भोंडल्याची गाणी येणाऱ्या मुलीने संजेपुढे उभे राहून माळवी गाणे ऐकावे, मग आपले एक म्हणावे. डब्यात काय आहे हे दोघींनी मिळून ओळखावे. भाषा टिकवण्याच्या ठरावांपेक्षा या अर्ध्या तासात भाषेचे अधिक काम होते, कारण तेव्हा ती कोणालातरी काहीतरी सांगत असते.