तळ्याचा उथळ कांठ

तळें म्हटलें कीं आपल्या मनांत प्रथम खोल पाण्याचा विचार येतो. पाणी जितकें खोल तितकें तळें मोलाचें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि केवळ पाण्याचा सांठा पाहिला तर ती कांहीं अंशीं खरीहि आहे. परंतु तळ्याच्या आश्रयानें राहणाऱ्या जीवांचा हिशेब मांडूं लागलें, म्हणजे तो अगदीं निराळा निघतो. गुडघाभर पाण्याचा, चिखलाचा व गवताचा जो उथळ कांठ, तेथेंच तळ्याची बहुतेक वस्ती असते. हें कसें, आणि तें समजून घेणें आज कां अगत्याचें आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें कळमेश्वर नागपूरच्या पश्चिमेस, काळ्या मातीच्या व संत्र्यांच्या मुलखांत वसलें आहे. नागपुरास गेलें म्हणजे अंबाझरी, फुटाळा व गोरेवाडा हीं तळीं आपल्या विद्यार्थ्यांस पाहावयास मिळतात. परंतु तळ्यांचा खरा देश पाहावयाचा असेल, तर आणखी पूर्वेस भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत गेलें पाहिजे. नागपूरच्या आसपास दख्खनच्या काळ्या पाषाणाचा थर संपतो आणि पुढें फार प्राचीन, कठीण खडकांची उंचसखल भूमि लागते. तिकडे पाऊस अधिक आणि मुख्य पीक धानाचें. ऐन हंगामांत पावसानें ओढ दिली, तर धानास पाणी कोठून तरी आणावेंच लागतें. या गरजेंतून गोंड राजांच्या आमदानींत कोहळी समाजाच्या कसबी लोकांनीं गांवोगांवीं तलाव बांधिले. पुढें ते मालगुजारांच्या मालकीचे झाल्यामुळें त्यांस मालगुजारी तलाव म्हणूं लागले. पूर्व विदर्भांत अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. त्यांपैकीं नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय सर्वांत विख्यात असून, तो अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला, अशी परंपरा आहे.

या तलावांची रचना ध्यानांत घेण्यासारखी आहे. उतरत्या जमिनीवर पाणी ज्या बाजूनें वाहून जाईल, तेवढ्याच बाजूस मातीची पाळ घालावयाची. उरलेल्या बाजू मोकळ्या ठेवावयाच्या. त्यामुळें पाळीजवळ पाणी खोल असतें व समोरच्या अंगास तें हळूहळू उथळ होत जाऊन शेवटीं गवतांत विरून जातें. शेतीस पाणी सोडण्यासाठीं ‘तुडूम’ आणि जादा पाणी जाण्यासाठीं सांडवा असतो. वरच्या बोडीचें पाणी खालच्या तळ्यांत व तेथून धानाच्या बांध्यांत उतरतें. पावसाळ्यांत हें पाणी दूरवर पसरतें. हिंवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तें दिवसेंदिवस मागें सरतें आणि ओल्या चिखलाचा नवा नवा पट्टा उघडा टाकीत जातें. म्हणजे तळ्याचा कांठ एके जागीं स्थिर राहत नाहीं. ऋतूबरोबर तोहि चालतो.

आतां या कांठावर वस्ती कां होते, तें पाहूं. उथळ पाण्यांत सूर्यप्रकाश तळापर्यंत पोंचतो, म्हणून तेथें वनस्पति वाढतात. वनस्पतींच्या आधारानें गोगलगाई, किडे व बेडूक राहतात. मरळ मासा अशाच आडोशास अंडीं घालून पिलांची राखण करतो. जेथें अन्न तेथें खाणारे. प्रत्येक पक्ष्याचे पाय व चोंच पाहिली, म्हणजे तो किती पाण्यांत चरतो हें सांगतां येतें. टिबुकली व पाणकावळा बुडी मारून मासे धरितात; त्यांस खोल पाणी चालतें. शेकाट्या आपल्या लांब तांबड्या पायांनीं पोटरीभर पाण्यांत चालतो. तुतवार चिखलांत चोंच खुपसून किडे वेंचतो. उघड्या चोंचीच्या करकोच्याच्या दोन चोंचदलांमध्यें फट असते, आणि त्या विलक्षण चोंचीनें तो गोगलगाय शंखांतून बाहेर काढितो. कपाळीं पांढरा टिळा मिरविणारा काळा वारकरी पाणगवतांत पोहत असतो. खोल पाण्याचे मानकरी थोडे. बाकीची सारी पंगत कांठावर बसलेली असते.

कमळांच्या व शिंगाड्याच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी तर विद्यार्थ्यांनीं अवश्य ओळखावा. त्याच्या पायांचीं बोटें इतकीं लांब असतात कीं शरीराचा भार पुष्कळ जागेवर वांटला जातो व पान बुडत नाहीं. याची गृहव्यवस्थाहि निराळी आहे. मादी तरंगत्या पानांवर अंडीं घालून निघून जाते. तीं उबविण्याचें व पिलें सांभाळण्याचें काम नर करितो. पाण्यावर पसरलेलीं पानें नाहींशीं झालीं, तर या कुटुंबास उभें राहावयासहि जागा उरत नाहीं.

हिंवाळ्यांत या तळ्यांवर परदेशी पाहुणे उतरतात. चमच्यासारख्या चोंचीनें पाणी गाळून खाणारा थापट्या, टोंकदार शेपटीचें तलवार बदक, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हे त्यांपैकीं प्रमुख होत. पट्टकादंब तिबेट व मंगोलियाकडील उंच सरोवरांवरून निघून हिमालय ओलांडून येतो. एवढा प्रवास करून आलेल्या पाहुण्यास कांठचें कोंवळें गवत व निवांत जागा मिळाली नाहीं, तर त्याचें येणें व्यर्थच म्हणावयाचें.

परंतु या सर्वांत ज्याच्याविषयीं आज अधिक काळजी वाटावी, तो पक्षी सारस होय. उडणाऱ्या पक्ष्यांत जगांत सर्वांत उंच असा हाच. त्याची उंची जवळजवळ सहा फूट भरते. सारसाची जोडी वर्षानुवर्षें एकत्र राहते. पावसाळ्यांत उथळ पाण्यांत किंवा धानाच्या बांधींत गवतकाड्यांचा ढीग रचून मादी बहुधा दोन अंडीं घालते, व सुमारे महिनाभर दोघेंहि आळीपाळीनें तीं उबवितात. महाराष्ट्रांत सारस आतां मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांत उरला असून, सर्व मिळून त्यांची संख्या पन्नासांच्या आंत आहे. शेतांतील विषारी औषधें व विजेच्या तारा यांनीं त्यांची हानि केली आहे. चरण्याचे कांठ आक्रसल्यामुळें तींत भर पडली. सन २०२१ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें या पक्ष्याच्या रक्षणाचा प्रश्न आपण होऊन हातीं घेतला, यावरून त्याचें गांभीर्य ध्यानांत यावें.

कांठ कां आक्रसले? सन १९५१ मध्यें मालगुजारी नष्ट झाली व तलाव सरकारकडे आले. रयतेवरील जुनी सत्ता गेली हें इष्टच झालें. परंतु तलावांची वर्षानुवर्षांची निगा मात्र पुष्कळ ठिकाणीं मागें पडली. उथळ बाजूस गाळ सांचला, त्यावर शेतें व घरें आलीं. दक्षिण अमेरिकेंतून आलेली बेशरम व जलपर्णी माजून देशी वनस्पतींची जागा त्यांनीं घेतली. कित्येक ठिकाणीं तळें सुधारावयाचें म्हणून चारी बाजूंस सरळ खोल खोदतात किंवा दगडी भिंत बांधितात. पाहणारास तें नीटनेटकें दिसतें. पण ज्या उतारावर करकोचा उभा राहावयाचा, तो उतारच नाहींसा होतो.

मनुष्यानें बिघडविलेलें मनुष्यास सुधारतां येतें, याचें उदाहरण इंग्लंडांत आढळतें. नॉरफोक परगण्यांतील ‘ब्रॉड्स’ हीं गोड्या पाण्याचीं रम्य तळीं निसर्गनिर्मित आहेत, असें पूर्वीं मानीत. विसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या संशोधनानें असें ठरलें कीं, मध्ययुगांत जळणासाठीं पीट, म्हणजे कुजक्या वनस्पतींची माती, खणून काढल्यामुळें पडलेल्या खड्ड्यांत पाणी भरून तीं झालीं. म्हणजे आमच्या मालगुजारी तलावांप्रमाणें तींहि मानवी हातांचींच. तेथील बोरूच्या बनांत बिटर्न नांवाचा, बगळ्याच्या कुळांतील व बैलासारखा हुंकारणारा पक्षी राहतो. शिकारीमुळें व दलदली कोरड्या केल्यामुळें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्यें त्याची वीण बंद पडली. सन १९११ मध्यें ती नॉरफोकांत पुन्हां सुरू झाली. तरी १९९७ मध्यें साऱ्या ब्रिटनमध्यें हुंकारणारे नर अवघे ११ उरले होते. मग बोरूचीं बनें व त्यांतील उथळ पाणी यांची काळजीपूर्वक जोपासना करण्यांत आली. आज त्या नरांची संख्या दोनशेंच्या वर गेली आहे.

आपल्याकडेहि हें काम सुरू झालें आहे. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील कांहीं गांवीं ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनीं तलावांतील बेशरम मुळासकट उपटून देशी पाणवनस्पति पुन्हां लाविल्या आहेत. मासे वाढले तर त्यांची उपजीविका चालते, आणि त्याच कांठावर पक्ष्यांसहि अन्न मिळतें. येथें दोघांचें हित एकच आहे.

विद्यार्थ्यांनीं यांत काय करावें? प्रथम पाहावयास शिकावें. आपल्या गांवचें एकादें तळें निवडून वर्षभर, महिन्यांतून एकदां तरी, पाणी कोठवर आहे, कांठावर कोणतीं झाडें आहेत व कोणते पक्षी कोठें चरतात, याची तारीखवार नोंद वहींत करावी. पक्ष्यांच्या मराठी नांवांसाठीं अरण्यवाचक मारुति चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ उपयोगी पडेल. त्यांचें ‘नवेगांवबांधचे दिवस’ हें पुस्तकहि वाचनीय आहे. पुढें यांपैकीं कोणी इंजिनियर होतील, कोणी गांवचे सरपंच होतील, आणि एकादे दिवशीं तळें खोल करावयाचा कागद त्यांच्यापुढें सहीस येईल. त्या वेळीं पाळीजवळ गाळ खुशाल काढावा, पण समोरचा उतार राखावा, एवढें जरी त्यांस या वहीवरून आठवलें, तरी सारसाची एकादी जोडी तेथें नांदूं शकेल.