अनिकेत, ती चॉकलेटं करू नकोस

मुरबाड

चि. अनिकेत यास,


परवा फोनवर तू सांगितलंस, तेव्हाच बोलले असते. पण वहिनी शेजारी होती, म्हणून लिहिते. माळशेजच्या रस्त्यावरच्या फार्महाउसवाल्यांना एकतीस डिसेंबरसाठी गांजा घातलेली चॉकलेटं पुरवायची, आणि ती टोकावड्याच्या घरी, आजीच्या गॅसवर करायची, असा तुझा बेत. माल अजून आणलेला नाहीस म्हणालास. आणूच नकोस. नुसतं "आत्या घाबरते" म्हणून तू ऐकणार नाहीस, म्हणून कारणं सांगते.

ओढण्यापेक्षा खाल्लेलं बरं, धूर नाही की खोकला नाही, असं तुझं म्हणणं. पण ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि पुरे झालं हे माणसाला कळतं. खाल्लेला मात्र अर्धा तास, कधी दोन तास काही जाणवूच देत नाही. यकृतात त्यातल्या टीएचसी या नशेच्या द्रव्याचं दुसरं द्रव्य बनतं, तेही मेंदूवर जोरात काम करतं. तोवर "काही झालंच नाही" म्हणत माणसाने दुसरा तुकडा तोंडात टाकलेला असतो. मग दोन्ही मिळून चढतात आणि सहा-आठ तास उतरत नाहीत. अमेरिकेत डेन्व्हरला २०१४ साली एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याचं असंच झालं. कुकी परवानाधारक दुकानातली होती, आत ६५ मिलीग्राम टीएचसी, म्हणजे सहा जणांचा वाटा. आधी त्याने तुकडाच खाल्ला. काही वाटेना म्हणून तासाभरात उरलेली सगळी संपवली, आणि पुढे काही तासांत बाल्कनीतून उडी मारून जीव गमावला. तिथे पाकिटावर प्रमाण छापलेलं तरी होतं. तुझ्याकडे मोजायचं काय साधन आहे? चॉकलेट कितीही ढवळलंस तरी एका वडीत किती उतरलं आणि शेजारच्या वडीत किती, हे तुला कधीच कळणार नाही. खाणारा तर सगळ्या वड्या सारख्याच समजणार.

आता जे मी नोकरीभर पाहिलं ते. धुळवडीच्या दुपारी भांग घेतलेली पोरं आमच्या दवाखान्यात येत. छाती धडधडतेय, आता मी मरणार, असं ओरडत येत. मोठी माणसं बहुतेक सावरतात. मला धास्ती आहे ती लहान मुलांची. चॉकलेट दिसलं की मूल विचारत बसत नाही, आणि तुमच्या घरात चार वर्षांची चिऊ आहे. गुंगलेलं, मान टाकलेलं मूल आपल्या तालुक्यात दवाखान्यात आणलं की डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते ती मण्यार चावल्याची. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, नुसत्या पापण्या जड होतात. मग कंदिलासारखी बॅटरी धरून पोराचं अंग बोटाबोटाने तपासायचं, श्वास मोजत बसायचं, वर ठाण्याला हलवायचं की नाही ते ठरवायचं. आणि घरातलं ज्याला खरं माहीत आहे तो भीतीने गप्प उभा. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचा खाऊ खाल्ल्याच्या नोंदी २०१७ मध्ये दोनशेच्या आसपास होत्या, २०२१ मध्ये तीन हजारांवर गेल्या. त्यातल्या बहुतेक मुलांना तो घरातच सापडला होता. आणि हे तू करशील न करशील, लक्षात ठेव: असं कुणाला झालं तर लिंबू, चिंच, ताक असलं काही गुंगलेल्या तोंडात ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर निजवावं, १०८ ला फोन करावा आणि काय खाल्लं ते खरं सांगावं.

भांग तर प्रसाद म्हणून घेतात, असंही तू म्हणालास. १९८५ च्या अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याने नुसती पानं आणि बिया वगळल्या आहेत, हे खरं. पण महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांग येते, आणि तू तर फुलोऱ्याचा माल म्हणजे गांजाच घालणार. त्याचं मिश्रणही त्या कायद्यात मोडतं. शिक्षा वजनावर ठरते, आणि एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अमली पदार्थ कशात मिसळला असेल, तर त्या निरुपद्रवी पदार्थाचंही वजन धरायचं. म्हणजे तू गांजा चिमूटभर घातलास तरी तराजूत साखर, कोको सगळंच जाणार. गांजाची अल्प मात्रा एक किलोपर्यंत. त्यापुढे गेलास की दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. जून २०२१ मध्ये मालाडच्या एका बेकरीवर अमली पदार्थ पकडणाऱ्या एनसीबीने धाड टाकली, तेव्हा दहाच ब्राउनी होत्या आणि वजन भरलं ८३० ग्रॅम. पुढच्याच महिन्यात माझगावला दहा किलो सापडल्या, पकडलेला माणूस शिकलासवरलेला, मानसोपचाराच्या क्षेत्रातला. शिवाय जाणूनबुजून घर वापरू दिलं तर घरमालकालाही तीच शिक्षा. टोकावड्याची घरपट्टी आजीच्या नावावर येते. तिला काहीच ठाऊक नव्हतं हे सांगायला ब्याऐंशीव्या वर्षी तिने कोर्टाची पायरी चढायची का?

तुला हात आहे, हे मी दिवाळीच्या चॉकलेटांवरून ओळखलं. म्हणून धंदा सोड असं म्हणत नाही. मोहाचं चॉकलेट करून बघ. मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरची बंधनं सरकारने २०२१ मध्ये उठवली. मार्च-एप्रिलात पहाटे झाडाखाली ताजी फुलं पडतात. आतले केसर काढायचे, फुलं कडक उन्हात खडखडीत वाळवायची, मंद भाजून कुटायची. ओल जराही राहता कामा नये. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचा थेंब गेला तरी त्याचा रवाळ गोळा होतो. डार्क चॉकलेट साच्यात ओतताना ३१-३२ अंशांवर असू दे, नाहीतर वर पांढरट डाग येतात. पहिल्या खेपेला साखर निम्मी घाल, मोह फार गोड असतो.

माल कोण घेणार, हा प्रश्न तुला पडेल. शहापूरच्या कातकरी पोरांनी सरकारच्या वनधन योजनेतून रानातली गुळवेल गोळा करून, वाळवून विकायला घेतली, आणि डाबर, बैद्यनाथ, हिमालयसारख्या कंपन्यांकडून दीड कोटीवर मागणी मिळवली. ती पोरं काही मोठी भांडवलदार नव्हती. शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन वनधन गटांची चौकशी कर. फुलं त्यांच्याकडून वाजवी दराने घे, वाड्यांवर जाऊन भाव पाडून नको. अन्नसुरक्षा नोंदणी आधी काढ. फार्महाउसवाले तेच आहेत, त्यांना हे चॉकलेट उघड बिल करून देता येईल.

तुला गांजा आणून देणारा जो कुणी असेल, त्याला आजच नाही म्हणून कळव, आणि कळवलंस की मला फोन कर. तापमापी आणि साचे मी घेऊन देते.

तुझी,
आत्या