लेकराचं इसब आणि घरचे उपाय



मुखेड तालुक्यातल्या एका गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले आणि एका ताईनं मांडीवरच्या दीड वर्षाच्या पोराचे हातपाय दाखवले. कोपराच्या, गुडघ्याच्या घडीत लाल कोरडे चट्टे, खाजवून रक्त आलेलं. "मॅडम, दवाखान्याचं नको, झाडपाल्याचं काही सांगा." लगेच चहूकडून उपाय आले. लिंबाच्या पाल्याची अंघोळ, हळद, एकीनं तर चुना सांगितला.

हे इसब. यात कातडीत ओलावा टिकत नाही, म्हणून काहीही चटकन झोंबतं. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा लेकराला अंगणवाडीत बाजूला बसवू देऊ नका. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटत असेल तर मात्र ती खरूज असू शकते, तिचं औषध वेगळं.

घरचं सगळ्यात कामाचं म्हणजे खोबरेल. फिलिपाइन्समध्ये ११७ मुलांवर ८ आठवडे न तापवता काढलेलं शुद्ध खोबरेल आणि खनिज तेल लावून पाहिलं, तेव्हा खोबरेल सरस ठरलं. सुवासिक तेल नको. कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरका, अंग टिपा (घासू नका) आणि ओलसर असतानाच तेल किंवा साधी व्हॅसलीन लावा. दिवसातून दोनदा, चट्टे गेल्यावरसुद्धा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही म्हणून आपण आणखी घासतो, आणि तो साबण अंगावरच राहतो. साबण कमीत कमी वापरा. नखं कापा, अंगात जुन्या सुती साडीचं झबलं घाला.

लिंबाच्या पाल्याचा घट्ट काढा फुटलेल्या कातडीला झोंबतो. चुना तर भाजतो. झाडाचं म्हणजे बिनधोक, असं कुठंय? बिब्बा काय कारखान्यात होतो?

दूध-अंडी मनानं बंद करू नका, लेकरू वाळतं.

त्या ताईच्या पिशवीत एक ट्यूब निघाली. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय दिलेली. तीन दिवसांत चट्टे गेले, थांबवल्यावर दुप्पट आले. बारीक अक्षरात लिहिलं होतं: क्लोबेटासोल. हे जोरदार स्टेरॉइड. मनानं लावत राहिलं तर कातडी पातळ होते, आणि गजकर्णावर लावलं तर ते पसरतं. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. पण डॉक्टरांनी लेकराला झेपेल असं सौम्य मलम थोडे दिवस दिलं तर भिऊन अर्ध्यावर सोडू नका. तेही उपचारच आहेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांच्या तपासणीत इसबही येतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. पुढं गरज पडली तर नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरला विलासराव देशमुख शासकीय रुग्णालय आहे. पू, पिवळी खपली, ताप किंवा एकदम पाण्याचे फोड दिसले तर त्याच दिवशी निघा, बैठक राहू द्या.

पुढच्या बैठकीला घरातल्या मलमाच्या ट्यूबा घेऊन या. नावं मिळून वाचू.