मिग करायचंय? आधी पावसाळा जाऊ द्या

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला गेला आणि तेव्हापासून मुलुंड-भांडुपकडच्या ओळखीपाळखीच्या मंडळींना अचानक घरात एक मिग हवंसं वाटू लागलंय. कुणाचा मुलगा कॉलेजात गेलाय, कुणी स्वतः नोकरीतून मोकळे झालेत, कुणाचे वडील ओझरला एचएएलमध्ये होते. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, ‘‘किट कुठलं घेऊ?’’ मी उलट विचारतो, ‘‘कुठलं मिग?’’ की समोरचा बावरतो. मिग म्हणजे मिग, त्यात कुठलं काय?

पैसे बुडायला सुरुवात इथूनच होते. आपल्या हवाई दलाने मिग-21 वापरलं ते 1963 पासून, साठ वर्षांहून अधिक काळ. त्यातली सहाशेहून जास्त विमानं नाशिकजवळ ओझरला तयार झाली. आधी एफएल, मग एम, मग बिस. बिसचंच पुढे सुधारून बायसन झालं. लांबून सगळी सारखीच दिसतात, पण एफएलची पाठ सडपातळ आहे, तर बिसची चांगलीच फुगलेली. आणि एफएलची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण, पुढच्या बाजूला बिजागरी असलेलं आणि पुढच्या काचेसकट अखंड. नंतरच्या मिगांमध्ये पुढची काच पक्की आणि झाकण उजवीकडे कलणारं. बाजारात सहज मिळतं ते पीएफएम, एमएफ या इतर उपप्रकारांचं किंवा बिसचं किट. खोक्यावर तिरंगी चक्र छापलंय म्हणून आत एफएल निघेलच, असं नाही.

माझ्याकडे आलेल्या एका खोक्याचं असंच झालं. मॉडेल एका काकांसाठी होतं. ओझरला उभी हयात काढलेला माणूस. झाकण उघडं ठेवून, छान कलतं करून मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, ‘‘अहो, ही आमची नव्हे. आमची मागून वर उचलायची.’’ रंगाबिंगाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. ज्याने विमान हाताळलंय, त्याच्या हातालाच फरक कळतो. तेव्हा खोकं उघडायच्या आधी, किंबहुना विकत घेण्याच्याही आधी, एकाच खऱ्या विमानाचा एक फोटो नक्की करा. शेपटीजवळचा ‘सी’ने सुरू होणारा क्रमांक, काळ, शक्य असेल तर स्क्वॉड्रनसुद्धा.

काळ ठरवण्याला फार महत्त्व आहे. एफएलमध्ये आत बसवलेली तोफ नव्हती. आपल्याकडे पोटाखाली जीपी-9 नावाचा तोफेचा पॉड लावायला सुरुवात झाली. भारत-पाक युद्धात 12 डिसेंबर 1971 ला जामनगरच्या बाजूला कच्छच्या आखातावर आपले वैमानिक भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-104 पाडलं, ते याच तोफेने. म्हणजे सोनींचं विमान करायचं तर पोटाखालचा पॉड हवाच, आणि पुष्कळ किटांत तो नसतो. 14 डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर 28 स्क्वॉड्रनने हल्ला केला तो रॉकेटांनी. तिथे पंखांखाली रॉकेटचे पॉड हवेत. त्यातून 1971 मध्ये अनेक मिगांवर घाईघाईने छद्मरंग फासले गेले, स्क्वॉड्रनगणिक वेगळे. ‘भारतीय मिगचा रंग’ असा एक रंग नाहीच.

तरीही दहातले नऊ जण म्हणतात, चकचकीत चांदीसारखंच हवं. हौस रास्त आहे, एफएल उघड्या धातूच्या रूपातच देखणं दिसतं. मात्र मुंबईच्या उपनगरात चंदेरी रंग मारण्याचा एक ठरलेला मोसम आहे: दिवाळी ते होळी. जून-जुलैत बाहेर पाऊस कोसळत असताना, खिडकीला कबुतरांची जाळी, दोरीवर न वाळलेले कपडे आणि हवेत ऐंशी टक्क्यांच्या वर आर्द्रता, अशा खोलीत लॅकरचा फवारा मारला की थिनर भराभर उडून जातो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. चांदी दुधाळ होते. माझ्या टेबलावर एका संध्याकाळी अख्खा उजवा पंख असा पांढुरका पडला आणि तो पुन्हा प्लास्टिकपर्यंत घासून काढावा लागला. यावर एसी लावून बेडरूममध्ये फवारा मारायचा तोडगा लोक काढतात. तो मुळीच करू नका. एसी तीच वाफ पुन्हा पुन्हा फिरवतो आणि रात्री त्याच खोलीत घरचे झोपतात.

वाफेचा विषय निघालाच आहे तर बजावून सांगतो. आपल्याकडे मोकळी जागा म्हणजे ड्राय बाल्कनी, आणि तिथेच कुठेतरी गॅस गीझर नाहीतर पलीकडे शेगडी. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरत जाते आणि ज्योत दिसली की पेटते. फवारा मारताना आणि त्यानंतरही बराच वेळ घरात कुठे ज्योत नको. तोंडाला रुमाल किंवा कोविडमधला उरलेला मास्क चालत नाही. रंगकामाला मिळतो तो कार्ट्रिजवाला मास्क घ्या. गच्चीवर जायचं म्हणाल तर वारा, धूळ आणि सोसायटीचे सेक्रेटरी, तिघांचीही तयारी ठेवा.

थिनरमध्येही फरक असतो. हार्डवेअरच्या दुकानात एनसी थिनर स्वस्त मिळतो, गाड्यांना ड्यूको मारणारे वापरतात तोच. एअरब्रश धुवायला उत्तम. त्यात रंग कालवून थेट प्लास्टिकवर मारला तर मॉडेलचं पॉलिस्टायरीन विरघळतं. आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाच्या मिगवरच्या बारीक रेषा अशाच पुसल्या गेल्या, पंख चोखलेल्या गोळीसारखा गुळगुळीत. मॉडेलच्या रंगाला त्याच कंपनीचा थिनर घ्या, महाग पडला तरी. वॉटर पेपर मात्र खुशाल हार्डवेअरवाल्याकडून घ्या, त्यात काही बिघडत नाही.

चंदेरीखाली चकचकीत काळा रंग हवा आणि काळ्याखाली निर्दोष सांधा. साध्या रंगाखाली झाकला जाणारा ओरखडा चांदीत दुप्पट उठून दिसतो. संपूर्ण विमान एकाच चांदीत बुडवू नका. शेपटाकडचे, इंजिनाच्या उष्णतेतले पत्रे काळपट-तपकिरी झालेले असतात. नाकातला शंकू, शेपटीचं टोक आणि चाकांच्या तबकड्या हिरव्या. पत्र्यांच्या सांध्यांत काळी शाई ओतायची अलीकडे फार फॅशन आहे, मला ती आवडत नाही. हिशोब करून बघा: खऱ्या विमानावरची दोन मिलिमीटरची फट 1:72 प्रमाणाच्या मॉडेलमध्ये 0.03 मिलिमीटर होते. डोळ्याला ती जेमतेम जाणवायला हवी. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये एचएफ-24 मारुत उभं आहे. मिग नव्हे, पण त्या काळातलं खरं लढाऊ जेट दहा-पंधरा पावलांवरून कसं दिसतं, किती रेषा दिसतात आणि किती दिसत नाहीत, हे बघायला मुलुंडहून तिथवर जाणं वसूल होतं.

प्रमाण कुठलं घ्यायचं? मिगच्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर. म्हणजे 1:72 मध्ये साधारण दहा सेंटिमीटर, 1:48 मध्ये पंधरा. वन बीएचकेत राहत असाल तर उत्तर तुमचं तुम्हालाच माहीत आहे.

पावसाळ्याचे चार महिने वाया जात नाहीत. कॉकपिट ब्रशने पाण्याच्या ॲक्रिलिकमध्ये रंगवा, सांधे जुळवा, घासा. धड कोरडंच जोडून चाकांवर उभं करून पाहा. शेपटीवर बसत असेल तर नाकात वजन घाला. मासेमारीच्या गळाचं शिसं त्याला उत्तम. पण ते लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवू नका. त्यातल्या आम्लाशी शिशाची हळूहळू प्रक्रिया होते, ते फुगतं आणि बंद केलेलं नाक काही वर्षांनी आतून उकलतं. तोवर वॉरंटी कुणाकडे मागणार! दोन ट्यूबवालं अराल्डाइट वापरा. शिसं हाताळल्यावर हात धुवा, मुलांना ते देऊ नका.

डिकल्स, म्हणजे विमानावर चिकटवायची चिन्हं, जुनी, पिवळी पडलेली असतील तर पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा. काही दिवसांत पिवळेपणा उतरतो. लावण्याआधी चकचकीत क्लिअर कोट हवाच, नाहीतर खाली हवा अडकून चक्राभोवती चंदेरी कडा चमकत राहते. माळ्यावर किट साठवणाऱ्यांनी डिकल्स वेगळी काढून घरात ठेवावीत. माळ्यावरचा उन्हाळा आणि कसर या दोघांपुढे कागद टिकत नाही.

राहिला पिटो, नाकावरचा तो लांब दांडा. एफएलच्या आधीच्या एफ-13 प्रकारात तो नाकाच्या खालून निघतो, एफएलमध्ये वरून; हेही फोटोत बघून घ्या. किटमधला प्लास्टिकचा दांडा घासतानाच मोडतो. मी तो कापून टाकतो आणि इंजेक्शनची नवी, न वापरलेली सुई टोक घासून तिथे बसवतो, सगळ्यात शेवटी. मॉडेल कुणाला दाखवायला अंधेरी-बोरिवलीकडे न्यायचं असेल तर सुई चिकटवूच नका, नुसती भोकात सरकवा आणि प्रवासात काढून खिशातल्या डबीत ठेवा. संध्याकाळच्या घाटकोपरला गाडी बदलताना खोकं डोक्यावर धरलं तरी कोपर लागतंच.