शाळेच्या बागेसाठी सिमेंटच्या सोप्या वस्तू

दिवाळीच्या सुटीत महाराष्ट्रातील मुले अंगणात किल्ला बांधतात. माती कालवणे, बुरूज थापणे, तटबंदीवरून ओला हात फिरविणे हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. या हातांना मातीचे दोन नियम पक्के ठाऊक असतात. चिखलात हात खुशाल घालावा, तो नंतर धुता येतो, हा पहिला नियम. आणि केलेली वस्तू उन्हात ठेवली की ती वाळून टणक होते, हा दुसरा. शाळेच्या किंवा घराच्या बागेसाठी मुलांकडून सिमेंटच्या वस्तू करून घ्यावयाच्या असतील, तर हे दोन्ही नियम आधी विसरावयास लावणे अगत्याचे आहे. ओल्या सिमेंटमध्ये उघडा हात घालावयाचा नसतो, आणि सिमेंटची वस्तू उन्हात वाळवावयाची नसते.

पक्ष्यांसाठी पाण्याचे पसरट भांडे, पाऊलवाटेच्या फरश्या, लहान कुंड्या या वस्तू कमी खर्चात होतात व अनेक वर्षे टिकतात. अर्ध्या गोणीत, म्हणजे पंचवीस किलो सिमेंटमध्ये, एका वर्गाचे काम भागते. नियंत्रणाच्या काळात परवान्याशिवाय सिमेंट मिळत नसे. ते नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. तेव्हा मुलांच्या हस्तकलेसाठी सिमेंट वापरण्याचा विचारही कोणी केला नसता. आज ते गावोगावी मिळते, आणि शाळेच्या दुरुस्तीतून उरलेली अर्धी गोणी कोपऱ्यात पडून दगड झालेली अनेक ठिकाणी दिसते.

बागेशी सिमेंटचे नाते जुने आहे. पोर्टलंड सिमेंटचे एकस्व इंग्लंडमधील गवंडी जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली घेतले. सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घालण्याच्या पद्धतीचे एक महत्त्वाचे एकस्व मात्र कोणा अभियंत्याचे नव्हते. जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळी होता. झाडे लावण्याची मोठी भांडी वारंवार फुटतात या अडचणीवर त्याने तारेच्या सांगाड्यावर सिमेंट थापून उपाय काढला व १८६७ मध्ये त्याचे एकस्व घेतले. पुढे पूल आणि इमारती ज्या सलोह काँक्रीटने उभ्या राहिल्या, त्याच्या पूर्वजांत बागेतील ही कुंडी आहे. आपल्या देशात चंडीगढ येथे रस्ते निरीक्षक म्हणून काम करणाऱ्या नेक चंद यांनी फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे आणि सिमेंट यांतून उभारलेले रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. मुलांना कामास बसविण्यापूर्वी या दोन गोष्टी सांगाव्यात. टाकाऊ वस्तूंकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलते.

हळदीचा कागद

सिमेंट हे मातीपेक्षा वेगळे का, हे सांगून पटत नाही. ते दाखवावे लागते. टिपकागदाला किंवा साध्या पांढऱ्या कागदाला ओल्या हळदीचा लेप देऊन तो सावलीत वाळवावा. त्याच्या पट्ट्या कापाव्यात. एक पट्टी साध्या पाण्यात, दुसरी चिखलाच्या पाण्यात आणि तिसरी चिमूटभर सिमेंट कालवलेल्या पाण्यात बुडवावी. पहिल्या दोन पिवळ्याच राहतात. तिसरी तांबडी होते. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो हे मुलांनी घरी पाहिलेले असते, त्यामुळे सिमेंटच्या पाण्यात आम्लारी आहे हे त्यांना चटकन समजते. हळद आम्लारी आहे एवढेच सांगते, ती किती तीव्र आहे हे सांगत नाही. ओल्या सिमेंटची आम्लारी साबणापेक्षा पुष्कळच तीव्र असते, हे शिक्षकांनी तोंडी सांगावे.

ओले सिमेंट त्वचेवर राहिले तर त्वचा भाजते. हे भाजणे विस्तवासारखे नसते. हात विस्तवाला लागला की तो आपोआप मागे येतो. सिमेंट मात्र लागताना थंड आणि मऊ लागते, आग होत नाही, म्हणून मूल खेळत राहते. वेदना पुष्कळदा काही तासांनी, सायंकाळी घरी गेल्यावर सुरू होते आणि तोवर इजा होऊन गेलेली असते. ओल्या सिमेंटमध्ये गुडघे टेकून बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांना, किंवा भिजलेले कपडे अंगावर तसेच ठेवणाऱ्याला, अशा जखमा होतात. काही जणांना सिमेंटमधील क्रोमियमच्या क्षारांमुळे कायमची खरजेसारखी ॲलर्जीही जडते.

म्हणून कामाची वाटणी आधीच ठरवावी. गोणी उघडणे, कोरडे सिमेंट मोजणे, ते वाळूत मिसळणे व पाणी घालून माल कालवणे ही कामे मोठ्या माणसानेच, नाकातोंडावर मास्क बांधून, वारा पडलेला असताना करावीत. दहा वर्षांखालील मुलांनी पाने आणणे, खडे-शिंपले निवडणे, आराखडा काढणे, साचा तयार करणे आणि पुढे रोज पाणी घालणे ही कामे करावीत. त्यांत कमीपणा काही नाही. वस्तू चांगली की वाईट हे बहुतेक याच कामांवर ठरते. मोठ्या मुलांना थापीने माल लावू द्यावा, परंतु रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बंद पादत्राणे घालूनच. हातमोजे मुलाच्या मापाचे हवेत. मोठ्या माणसाचे सैल हातमोजे दिले तर माल मनगटातून आत शिरतो आणि तेथेच दबून राहतो. ते उघड्या हातापेक्षाही वाईट. डोळ्यांवर चष्मा असल्यास उत्तम.

काम सुरू करण्यापूर्वी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली व तांब्या जवळ ठेवावा. सिमेंट अंगाला लागल्यास कोरडी पूड प्रथम झटकावी, भिजलेला कपडा काढावा आणि ती जागा वाहत्या पाण्याने धूत राहावी. लिंबू, तेल किंवा हळद लावत बसू नये. डोळ्यात गेल्यास पंधरा ते वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि मुलाला विनाविलंब डॉक्टरकडे न्यावे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली ती मुलांनी कामातून शिकावे म्हणून. शाळेची भिंत किंवा ओटा मुलांकडून फुकट बांधून घेणे हा कार्यानुभव नव्हे.

माल

कुंडी आणि पानाचे भांडे यांसाठी एक माप सिमेंटला तीन मापे चाळलेली वाळू पुरते. जाड फरशीसाठी एक माप सिमेंट, दोन मापे वाळू व तीन मापे बारीक खडी घ्यावी. सिमेंट ताजे असावे. तीन महिन्यांहून जुने किंवा गाठी धरलेले सिमेंट फुकट मिळाले तरी घेऊ नये. खाडीकाठच्या खाऱ्या वाळूने तार गंजते आणि वस्तूवर पांढरे फुलोरे येतात. दगडाच्या चुऱ्यापासून केलेली वाळू चालते, पण तिच्यातील धूळ धुऊन काढावी. कोरडी चाळू नये, किंचित ओली करून चाळावी.

वाळूत गाळ किती आहे हे मुलांना स्वतः पाहता येते. काचेच्या उभट बाटलीत निम्म्यापर्यंत वाळू भरावी, चमचाभर मीठ घातलेले पाणी ओतावे, बाटली जोराने हलवून तीन तास स्थिर ठेवावी. वाळूच्या वर गाळाचा वेगळा थर बसलेला दिसतो. तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून अधिक असेल तर वाळू धुऊन घ्यावी.

पाण्याच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. एक माप सिमेंटला पाऊण मापाहून अधिक पाणी घालू नये. वाळू ओली असल्यास आणखी कमी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, असा माल चांगला. ही परीक्षा अर्थातच हातमोजा घालून मोठ्यांनीच करावी. पातळ माल पसरावयास सोपा असतो, परंतु जादा पाणी उडून गेल्यावर आत पोकळी राहते आणि वस्तू ठिसूळ होते. कालवलेला माल अर्ध्या तासात संपेल एवढाच करावा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरण्याची सवय काही गवंड्यांतही आढळते. ती मुलांपुढे नको.

पानाचे भांडे

पहिली वस्तू म्हणून पानाच्या आकाराचे पाण्याचे भांडे निवडावे. ते बहुधा बिघडत नाही. साग, लाल भोपळा किंवा अळू यांचे सुमारे एक फूट लांबीचे, न फाटलेले पान घ्यावे. अळूचा चीक हाताला खाजतो, म्हणून देठ मोठ्यांनी कापावा. सावलीत प्लॅस्टिकच्या कागदावर ओल्या वाळूचा दोन-तीन इंच उंचीचा उतरता ढीग करावा, त्यावर दुसरा प्लॅस्टिक कागद अंथरून पान पालथे, म्हणजे शिरांची बाजू वर करून ठेवावे. त्यावर मध्यापासून कडेकडे माल थापावा. मध्यभागी जाडी पाऊण इंच व कडेला अर्धा इंच राहावी. माल पानाच्या कडेबाहेर जाऊ देऊ नये. भांडे सपाट बसावे म्हणून मध्यावर मालाची एक चपटी चकती चिकटवावी. एका भांड्याला साधारण अर्धा किलो सिमेंट लागते.

आता सर्वांत अवघड भाग येतो, तो म्हणजे थांबण्याचा. वर प्लॅस्टिक झाकून दोन दिवस वस्तूला हात लावू नये. तिसऱ्या दिवशी ती अलगद उलटावी व पान सोलून काढावे. चिकटून राहिलेले तुकडे ब्रशने निघतात, नाही निघाले तरी पुढे कुजून जातात. सागाच्या पानाची प्रत्येक शीर भांड्याच्या आतल्या बाजूस उमटलेली पाहून मुलांना होणारा आनंद या दोन दिवसांची भरपाई करतो.

हाताचा ठसा

पाऊलवाटेच्या फरशीवर मुलांच्या हाताचा ठसा घेण्याची कल्पना फार लोकप्रिय आहे. ओल्या सिमेंटवर उघडा तळवा दाबून घेतला जातो आणि तो कौतुकाने धरून ठेवला जातो. ही पद्धत सोडून द्यावी. येथे मुलांची जुनी मैत्रीण, माती, उपयोगी पडते. जुन्या थाळ्याच्या किंवा घमेल्याच्या तळाशी दीड इंच मऊ शाडू किंवा चाळलेली चिकणमाती थापावी. मुलाने तीत तळवा खोल दाबावा, वाटल्यास आपले नाव उलट्या अक्षरांत कोरावे; अक्षरे उलटी का, हा एक स्वतंत्र पाठ होतो. मग मोठ्या माणसाने त्यावर प्रथम बारीक वाळूचा माल आणि नंतर खडीचा माल ओतावा, मध्ये कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घालावी. मालाची जाडी दीड-दोन इंच ठेवावी. तीन दिवसांनी फरशी काढून माती धुतली की हात खोलगट न उमटता उंच उमटतो. मुलाचे बोटही सिमेंटला लागलेले नसते.

खडे, शंख, कपच्या बसवावयाच्या असल्यास त्या याच पद्धतीने मातीत उलट्या रोवाव्यात. बांगड्यांचे तुकडे दिसतात छान, पण त्यांच्या कडा पायात जातात. त्या कुंडीवर लावाव्यात, पाऊलवाटेवर नकोत.

कुंडीसाठी एकात एक बसणारे दोन डबे पुरतात. आतील डबा बाहेरून व बाहेरचा आतून तेलाने माखावा, दोहोंत इंचभर अंतर ठेवून माल भरावा, आणि तळाच्या छिद्रासाठी कागद गुंडाळलेली काडी उभी ठेवावी. जुने फडके पातळ सिमेंटमध्ये बुडवून बादलीवर पालथे घालण्याची कुंडीही सुरेख होते, मात्र तीत हात कोपरापर्यंत भिजतात. ती मुलांचे काम नव्हे.

पाणी मारणे

सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याचा रासायनिक संयोग होतो, आणि तो चालू राहावा म्हणून पाणी टिकून राहावे लागते. उन्हात ठेवलेले भांडे दुसऱ्या दिवशी कठीण वाटते, पण त्यावर बारीक तडे जातात व नखाने पूड निघते. गवंडी ज्याला पाणी मारणे म्हणतात ते किमान सात दिवस करावे. हल्ली बाजारात राख मिसळलेले सिमेंट अधिक मिळते. त्याला दहा दिवस, आणि कोरड्या उन्हाळ्यात चौदा दिवस द्यावेत. लहान वस्तू सरळ पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवता येतात. मोठ्यांवर ओले गोणपाट टाकावे. पाणी घालण्याची पाळी मुलांत वाटून फळ्यावर लिहावी, आणि रविवारची पाळी विसरू नये. बहुतेक वस्तू रविवारीच तडकतात.

बुडवून ठेवण्याचा दुसराही उपयोग आहे. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो व टाकीवर पांढरी साय धरते. असे पाणी पक्ष्यांनी पिऊ नये, आणि झाडांच्या मुळांनाही ते मानवत नाही. दर दोन दिवसांनी पाणी बदलावे. दोन आठवड्यांनी भांड्यात स्वच्छ पाणी भरून एक दिवस ठेवावे आणि त्यात पुन्हा हळदीची पट्टी बुडवावी. शेजारी त्याच विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातील पट्टी ठेवून रंग ताडून पाहावा. पट्टी तांबडी झाली तर भांडे आणखी आठवडाभर पाण्यात जाते. पिवळी राहिली तर ते बागेत जाते. हा निर्णय मुलांनी घ्यावा.

भांडे झाडाच्या सावलीत, पण मांजराला दबा धरता येईल अशा झुडपापासून दूर ठेवावे. पाणी दीड इंचाहून खोल नको. ते रोज बदलावे, आणि आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळून भांडे काथ्याने घासावे, नाहीतर पक्ष्यांऐवजी डासांचीच सोय होईल.

उरलेला माल व हत्यारे धुतलेले पाणी गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. कोपऱ्यात एक लहान खड्डा करून त्यात ते सोडावे, आणि तो घट्ट होईपर्यंत त्यावर पाट झाकून ठेवावा.